अठ्ठावन्न सेकंदांचं घड्याळ

घड्याळ चालत होतं, वेळही बरोबर दाखवत होतं. स्टॉपवॉचचं वरचं बटन दाबलं की मधला लांब काटा निघायचा आणि फेरी संपत आली की अठ्ठावन्न-एकोणसाठच्या दरम्यान अडायचा. एकटा काटा अडला असता तर निदान समजलं असतं. पण त्याच्यासोबत सगळं घड्याळच बंद पडायचं. पुन्हा बटन दाबून काट्याला मोकळं केलं की बॅलन्स काही घडलंच नाही अशा थाटात डोलायला लागायचा.

मी शिकले एचएमटीच्या मशीनांवर. तिथे रस्ता सरळ असतो. मेनस्प्रिंगकडून ताकद निघते, एकामागून एक चक्रांतून एस्केप व्हीलला आणि तिथून बॅलन्सला पोचते. बिघाड शोधायचा तर याच रस्त्याने मागे मागे जायचं. हे मशीन होतं वालजू ७७३३, स्वित्झर्लंडच्या जू खोऱ्यातल्या कारखान्याचं, १९६९ साली बाजारात आलेलं. मागचं झाकण काढलं आणि मला काही सुधरेना. चक्रांची ओळखीची रांग खाली कुठेतरी दडलेली, तिच्यावर पट्ट्या, तरफा आणि केसासारख्या स्प्रिंगांचा दुसरा मजला. एक दाबलं की चार हलतात, आणि त्यातलं कोण कोणाला ढकलतंय ते भिंगातूनही कळत नाही.

रविवार पेठेतल्या ज्या काकांकडे मी शिकते, त्यांनी तांत्रिक तक्ता समोर ठेवला. त्यात प्रत्येक भागाला आकडा आहे: ८००० म्हणजे मधलं क्रोनोग्राफचं, म्हणजे स्टॉपवॉचचं, चक्र, ८०२० मिनिटं मोजणारं, ८०८० म्हणजे जोडणी करणारी तरफ. आकडे पाठ झाले तरी गोंधळ कायम राहिला. हळूहळू लक्षात आलं ते इतकंच. नऊच्या बाजूला जो छोटा सेकंदकाटा सतत फिरतो, त्याच्या चक्राच्या वर आलेल्या टोकावर आणखी एक दातेरी चक्र बसवलेलं असतं. जोडणीच्या तरफेवरचं चक्र त्याच्याशी कायम जोडलेलं. बटन दाबलं की तरफ कलते, तिचं चक्र मधल्या चक्रात दात घालतं आणि लांब काटा चालू होतो. दुसरं इंजिन कुठेच नाही. स्टॉपवॉच जी ताकद खातं ती घड्याळाच्याच ताटातली.

म्हणून मला वाटलं, ताकद कमी पडत असणार. टाइमिंग मशीनवर लावलं. क्रोनोग्राफ बंद असताना बॅलन्सचा झोका २३० अंशांच्या आसपास, चालू केल्यावर दोनशेच्या खाली. क्रोनोग्राफ चालू झाल्यावर वीस-तीस अंश घटले तर कोणी काळजी करत नाही, पण इथे मुळातच हात आखडता होता. शिवाय मधल्या चक्राचे आणि जोडणीच्या चक्राचे दात कोणीतरी तेलाने माखून ठेवले होते. हे दात इतके बारीक की त्यांना तेल लावायचंच नसतं. ते कोरडे चालायला बनवलेले आहेत. तेलाने धूळ धरते, मग चिकटा होतो. मला हे नवीन होतं. दात दिसले की तेल घालावंसं वाटणारा हात माझाही आहे.

"ताकद कमी असती तर कुठेही अडलं असतं," काका म्हणाले. "हे अठ्ठावन्नलाच का अडतंय?"

या प्रश्नापुढे मी बराच वेळ बसून राहिले. उत्तर मधल्या चक्राखाली होतं. त्या चक्राला एक बोटासारखं टोक असतं. प्रत्येक फेरीच्या शेवटी ते शेजारच्या चक्राचा एक दात पुढे सरकवतं आणि मिनिटांचा काटा एक घर चालतो. मिनिटांच्या चक्रावर एक स्प्रिंग टेकलेली असते, ती त्याला घरात धरून ठेवते. म्हणजे अठ्ठावन्न-एकोणसाठला लांब काट्याला या स्प्रिंगचा उंबरठा ओलांडायचा असतो. बाकी सगळी फेरी सपाटीची.

काकांनी मिनिटांचं चक्र काढून ठेवलं. काटा बिनदिक्कत बाराच्या पुढे गेला. चक्र परत बसवून चिमट्याने ती स्प्रिंग जरा उचलून धरली, तेव्हाही गेला. दोषी सापडला असं मी जाहीर केलं आणि चिमटा घेऊन पुढे सरसावले.

"थांब. आधी तिजोरी बघू."

बॅरल उघडलं. आत निळी पोलादी मेनस्प्रिंग, कोणीतरी कधीतरी बसवलेली. बाहेर काढली तरी घट्ट वेटोळं धरून बसली, उलगडायला तयार नाही. अशी स्प्रिंग म्हणजे जीव गेलेली. नवी घातली, सगळं धुतलं, नव्याने तेल दिलं, दात मात्र कोरडे ठेवले. झोका २७० वर गेला. काटा साठला पोचला, मिनिट सरकलं आणि पुढची फेरी सुरू झाली. मला वाटलं, संपलं.

दुसऱ्या दिवशी चावी न देता पुन्हा बटन दाबलं तर अठ्ठावन्न! इथे माझी मती गुंग झाली. दोष मेनस्प्रिंगचा की त्या छोट्या स्प्रिंगचा? काकांच्या लेखी हा प्रश्नच अडाणी होता. दोन्हींचा. पूर्ण चावीवर उंबरठा ओलांडता येतो, उतरत्या चावीवर येत नाही. मग त्यांनी मिनिटांची स्प्रिंग नखभर ढिली केली. लगेच मिनिटांचा काटा एका फेरीत दोन घरं उड्या मारायला लागला. धरून ठेवणाराच सैल झाला तर चक्र थांबेल कुठे? परत किंचित घट्ट, परत चाचणी, आधी भरल्या चावीवर, मग उतरत्या.

एका गोष्टीला मात्र त्यांनी मला हात लावू दिला नाही. या मशीनमध्ये काही स्क्रू दिसायला इतरांसारखेच असतात, पण ते फिरवले तर सुटत नाहीत. शेजारचा भाग सरकतो आणि दातांची खोली बदलते. दात फार खोल गेले तर घड्याळ जड चालतं, वरवर लागले तर काटा घसरतो. काकांनी सुरुवातीलाच अशा प्रत्येक स्क्रूशेजारी पेनाचा ठिपका देऊन ठेवला होता. माझ्या मते ही तरतूद कारखान्यातल्या माणसासाठी उत्तम आणि दुरुस्ती करणाऱ्यासाठी सापळा आहे. आधीच्या कोणीतरी तो अनुभव घेतला असावा, कारण एका स्क्रूची खाच पार खरवडलेली होती.

गिऱ्हाईक घड्याळ न्यायला आलं. दुकानातच बटन दाबलं. काटा निघताना टचकन हलला.

"काका, हा दचकतोय."

दात दातांत शिरताना कधी टोकावर टोक येतं आणि काटा किंचित पुढे-मागे होतो. या रचनेत ते होणारच. सेइकोने १९६९ साली ६१३९ या मशीनमध्ये दातांऐवजी उभी दाबजोड वापरली, तिथे हा प्रकार नाही. मधल्या चक्राखालची घर्षणाची स्प्रिंग घट्ट करून हे थोडं कमी करता येतं, पण त्यासाठी लागणारी ताकद पुन्हा त्याच ताटातून जाणार. काकांनी यातलं काहीच सांगितलं नाही.

"दचकू दे," ते म्हणाले. "साठच्या पुढे जातोय ना, ते बघा."

गिऱ्हाईक काउंटरला टेकून मिनिटभर काट्याकडे बघत उभं राहिलं. काटा साठ ओलांडून गेल्यावर त्याने खिशातून पाकीट काढलं.