फोटोपुरतं घर

डोंबिवलीचा आमचा वन बीएचके विकायला काढलाय. एजंटने बजावलं होतं, "फोटोत पसारा नको!" शनिवारी सकाळीच लागलो कामाला. कालनिर्णय, फ्रिजवरची मॅग्नेट्स, दोरीवरचे कपडे, सगळं बेडरूममध्ये कोंबलं. पडदे उघडले, कोपऱ्यात उभं राहून छातीच्या उंचीवरून वाइड अँगलने फोटो काढला, तर दहा बाय बाराचा हॉल चक्क दिवाणखाना! मग बेडरूमसाठी तोच पसारा हॉलमध्ये.

राहिली दारामागची भिंत. तिच्यावर माझ्या उंचीच्या पेन्सिलच्या खुणा, २००१ ते २०१४. खोडरबर घेऊन गेलो, तर आई म्हणाली, "नवीन माणसं रंग काढतीलच की रे. आपण कशाला पुसायचं?"

दार सताड उघडं ठेवून फोटो काढला. खुणा दिसत नाहीत. फोटो मस्त आलाय.