डबल बेनिफिट

गेली 19 वर्षं मी कोल्हापुरात विमा विकते. राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत स्कूटर फिरवायची, डिकीत प्रपोजल फॉर्मचा गठ्ठा, आणि फाटकाशी माझी स्कूटर थांबली की आतले लोक टीव्हीचा आवाज बारीक करून घरात कुणी नसल्यासारखे गप्प. त्यामुळं भाचा पेनड्राइव्ह हातावर ठेवून म्हणाला, "आत्या, विमा एजंटचा पिक्चर आहे, बघच," तेव्हा मला वाटलं पोरगं चेष्टा करतंय. आमच्यावर कोण पिक्चर काढणार?

रात्री साडेदहाला लावला. 'डबल इन्डेम्निटी', 1944 सालचा, दिग्दर्शक बिली वाइल्डर, काळापांढरा. बाहेर आमचा जुलैचा पाऊस. पडद्यावर मध्यरात्र, ऑफिस रिकामं, खांद्यात गोळी घेतलेला एक माणूस डिक्टाफोनसमोर बसतो आणि आपल्या सहकाऱ्याला उद्देशून बोलायला लागतो. खून मी केला, पैशासाठी आणि एका बाईसाठी केला, दोन्ही हातचं गेलं. झालं! सुरुवातीलाच शेवट सांगून मोकळा. आणि मी? मी दोन तास जागची हलले नाही. चहा गार झाला, साय आली, तो तसाच राहिला.

नावाचा अर्थ लागला तेव्हा तर मी ओरडलेच. अहो, हा तर आपला डबल अ‍ॅक्सिडेंट बेनिफिट! अपघातात माणूस गेला तर दुप्पट रक्कम. सिनेमातल्या पॉलिसीत ती काही क्वचित घडणाऱ्या अपघातांनाच लागू आहे, रेल्वेतून पडून मरणं त्यातलंच एक, म्हणून त्या बाईचा नवरा रेल्वेतूनच पडलेला दिसायला हवा. आणि ती सही! गाडीच्या विम्याचा कागद आहे असं भासवून त्या नवऱ्याची अपघात विम्यावर सही घेतात, आणि तो न वाचता करून टाकतो. कुणीच वाचत नाही हो. मी पेन्सिलीनं फुली मारते, लोक फुलीवर सही करतात. 19 वर्षांत बारीक अक्षर वाचणारी माणसं मला एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्या प्रसंगात माझ्या तळहाताला घाम फुटला होता.

एजंट वॉल्टर नेफ म्हणजे फ्रेड मॅकमरे, बाई म्हणजे बार्बरा स्टॅनविक. पण माझं मन बसलं ते क्लेम तपासणाऱ्या कीजवर. एडवर्ड जी. रॉबिन्सन. त्याच्या आत म्हणे एक बुटका माणूस राहतो, खोटा क्लेम आला की तो याला अन्न गोड लागू देत नाही. रेल्वेतून पडून आत्महत्या कशी संभवत नाही हे तो आकडेवारीच्या तक्त्यांवरून साहेबाला ज्या तोऱ्यात सुनावतो, ते मी तीनदा मागं घेऊन ऐकलं. या कीजला चिरूट पेटवायला काडी कधी सापडत नाही, दर वेळी नेफ अंगठ्याच्या नखावर काडी ओढून पेटवून देतो. शेवटी दारात कोसळलेल्या नेफची सिगारेट कीज पेटवतो. एवढंच! प्रेमाचा शब्द नाही आणि मी पदर डोळ्याला लावून बसलेली.

मध्येच सासूबाई पाणी प्यायला उठल्या.

"मेला का गं तो?"

"अजून नाही, पण मरणार."

"ठाऊक आहे ना? मग बघतीस कशाला?"

मला उत्तर सुचेना. त्यांनाच सुचलं. खुर्ची ओढून बसत म्हणाल्या, "कर्णाचं चाक रुतणार हे तरी कुणाला ठाऊक नसतंय?" आमच्या घरी 'मृत्युंजय'ची पानं सुटलेली प्रत आहे. शिवाजी सावंत आपल्याच जिल्ह्यातले, आजऱ्याचे, कोल्हापुरात शिक्षक होते, कादंबरी 1967 ची. सासूबाईंनी ती चार वेळा वाचली आहे आणि चारही वेळा कर्ण मेला आहे. चाक रुतणार का, हे बघायला कोण जातंय? ठाऊक असूनही तो रथावर कसा चढतो, ते बघायचं.

मग मला असल्या सिनेमांचं वेडच लागलं. 'डिटूर'मधला नशिबाला बोल लावत बसलेला पियानोवाला. 'आउट ऑफ द पास्ट'मधला रॉबर्ट मिचम, लहानशा गावात पेट्रोल पंप टाकून गुमान जगू पाहणारा, आणि जुनं आयुष्य त्याला तिथं येऊन गाठतं. 'डी.ओ.ए.'चा नायक तर पोलीस चौकीत खुनाची फिर्याद द्यायला जातो, कुणाचा खून विचारलं तर म्हणतो, माझाच! या सिनेमांना नुआर म्हणतात, म्हणजे फ्रेंचमध्ये काळा. 1946 साली नीनो फ्रँक या समीक्षकानं ते नाव वापरलं. तिरक्या सावल्या, खिडकीच्या पट्ट्यांचा उजेड तोंडावर गजांसारखा पडलेला. हा अंधार अमेरिकेत नेणाऱ्यांत बर्लिनमधून आलेली माणसं बरीच होती. वाइल्डर, फ्रिट्झ लांग, सिओडमाक. 1933 साली हिटलर आला आणि ही मंडळी तिथून निसटली.

1933! हे वाचलं आणि मी ताडकन उठून बसले. त्याच साली आमचे दिग्दर्शक व्ही. शांताराम 'सैरंध्री' सिनेमाचं रंगीत काम करून घ्यायला जर्मनीत गेले होते. कोल्हापूरचे शांतारामबापू, ज्यांनी दामले, फत्तेलाल, धायबर, कुलकर्णी यांच्यासोबत 1929 साली इथंच 'प्रभात' फिल्म कंपनी काढली. ते पळून निघालेले, हे रीळं घेऊन पोचलेले. गाठ पडली असेल असं मी म्हणत नाही, पण एजंटचं डोकं आहे, योगायोग दिसला की ते आधी फाइल उघडतं.

फाइलमध्ये निघाला शांतारामबापूंचा 'माणूस'. 1939, तोवर 'प्रभात' पुण्याला गेलेली. रात्रीची पोलिसांची धाड, अंधार, सावल्या. गणपत हवालदार म्हणजे शाहू मोडक, आणि मैना, वेश्या, म्हणजे शांता हुबळीकर. वेगवेगळ्या मुलखांतल्या गिऱ्हाइकांना त्यांच्या त्यांच्या भाषेत गाणं ऐकवणारी मैना! ज्याला पहिला नुआर म्हणायची पद्धत आहे तो 'द माल्टीज फाल्कन' 1941 चा, म्हणजे 'माणूस'नंतरचा. मी मोबाइल हातात घेऊन घरभर फिरत होते, सांगू कुणाला, रात्रीचा एक वाजलेला.

आणि सगळं श्रेय बर्लिनला तरी का द्यायचं? 1925 साली बाबूराव पेंटरांनी याच गावात 'सावकारी पाश' केला होता. कर्जात बुडून जमीन गमावलेला शेतकरी, आणि तो झालेले खुद्द तरुण शांताराम. त्यातली अंधुक उजेडातली झोपडी आणि रडणारा कुत्रा चित्रपट निर्माते जे. बी. एच. वाडिया यांच्या कायमचे लक्षात राहिले होते. मूकपट तो! मुक्या पडद्यावरचा कुत्रा त्यांना ऐकू आला.

भाचा म्हणाला, "आत्या, 'माणूस' नुआर नाही. तो 'देवदास'ला उत्तर होता. गणपत मरत नाही, पुन्हा कामाला लागतो." बरोबर आहे. शांतारामबापूंना झुरून मरणारा नायक नकोच होता. पण बाळा, तू गणपतकडं बघतोयस, मी मैनेकडं. अमेरिकन सिनेमात बाईच्या पायातल्या साखळीवर नजर खिळली की पुरुष बुडाला, आणि दोष बाईचा. (स्टॅनविकच्या पायात खरंच साखळी आहे, नेफ तिच्यामागं वेडा झालाय.) मैना कुणाला बुडवत नाही. गणपतच्या देवभोळ्या आईच्या घरात ती उंबऱ्यापाशीच आक्रसून जाते. तिच्या जिवावर जगणाऱ्या नातलगाचा तिच्या हातून खून होतो, आणि गणपत तिला सोडवायला तयार असतो तेव्हा ती नाही म्हणते. नेफ लोभापायी गेला. मैना दार उघडं असताना आत थांबली. मला विचाराल तर त्या रथावर चढणारी खरी तीच.

दुसऱ्या दिवशी शाहूपुरीत एका पॉलिसीची सही घ्यायची होती. फुली मारली आणि पेन पुढं करायच्या आधी म्हटलं, "दादा, एकदा वाचा की." ते घाबरले. म्हणाले, विचार करून सांगतो. हप्ता गेला.

घरी येऊन हे सांगितलं तर सासूबाई हसल्या नाहीत. जेवणं उरकली, त्यांनी ओटा पुसला, दिवाणखान्याचा मोठा दिवा स्वतःच बंद केला, आणि खुर्ची लॅपटॉपसमोर ओढत म्हणाल्या, "आज कुणाची पाळी?"