मेणवलीची घंटा

नाताळनंतरची सहल कुठे काढावी, हा प्रश्न आमच्याकडे दरवर्षी निघतो आणि दरवर्षी वेलंकनी, ओल्ड गोवे किंवा वांद्र्याची मोतमाउली यांपैकी एका नावावर येऊन थांबतो. यंदा मात्र युवक मंडळाने निराळाच ठराव आणला. त्यांना वाईला जायचे होते, आणि तेही कृष्णामाईच्या दर्शनाला नव्हे, तर सिनेमांची चित्रीकरणे झालेली ठिकाणे पाहायला. वाईत एक तरुण मार्गदर्शक दिवसभर बरोबर राहून ही सारी ठिकाणे दाखवतो, अशी माहिती त्यांनी आधीच काढून ठेवली होती. मी कपाळाला आठ्या घातल्या. पाचोडहून वाई म्हणजे साडेतीनशे किलोमीटरांच्या घरात; एक रात्र जाण्याची, एक रात्र येण्याची आणि मधला दिवस एका नटाच्या पाऊलखुणा शोधण्यासाठी! गरिबाने पै-पै साठवलेले पैसे असे उधळावेत का, असे मी जरा रागानेच विचारले. तेव्हा आमच्या कॅटेकिस्ट मास्तरांच्या पत्नी हळूच म्हणाल्या, "फादर, देवदर्शनाला आम्ही आमच्या पापांसाठी जातो. एकदा नुसतं बघायला जाऊ द्या की."

या वाक्यावर सेमिनरीतील नऊ-दहा वर्षांच्या अभ्यासातून मला काही उत्तर सापडले नाही. सहल ठरली.

रात्री नऊला बस निघाली. पैठण, शेवगाव, आता अहिल्यानगर झालेले नगर, शिरूर, पुणे असा तो मार्ग. जपमाळ झाली, मग गाणी झाली, आणि मग मुलांनी मला सिनेमावर बोलायला लावले. माझा आणि सिनेमाचा संबंध काय, असे त्यांना वाटत असावे. हिंदी सिनेमातला फादर सर्वांना ठाऊक आहे: पांढरा झगा, थरथरता हात आणि प्रत्येक माणसाला "माय सन" म्हणण्याची खोड. तीस वर्षांच्या धर्मगुरूपणात मी कुणालाही "माय सन" म्हटल्याचे मला स्मरत नाही. आमच्याकडे "अरे पोरा" म्हणतात.

तरीही मी त्यांना दोन गोष्टी सांगितल्या. पहिली दादासाहेब फाळक्यांची. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या या गृहस्थांनी १९१० च्या सुमारास मुंबईत एक परदेशी मूकपट पाहिला. त्याचा विषय होता ख्रिस्ताचे जीवन. पडद्यावर प्रभू येशू चालताना पाहून त्यांच्या मनात आले की, आपले राम आणि कृष्ण असे पडद्यावर केव्हा चालतील? त्या ध्यासातून पुढे 'राजा हरिश्चंद्र' तयार झाला आणि ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात तो लोकांसमोर आला. म्हणजे भारतीय चित्रपटाच्या पाळण्याची दोरी हलली ती ख्रिस्तचरित्राच्या वाऱ्याने, असे म्हटले तर फारसे चुकणार नाही. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मला वाटते, त्या फादरांनी सिनेमाला परवानगी दिली म्हणून होत्या.

दुसरी गोष्ट माझी स्वतःची. तेलुगूत १९७८ साली 'करुणामयुडू' नावाचा चित्रपट निघाला. तो 'दयासागर' या नावाने हिंदीत आला आणि गाडीवर यंत्र लादून खेडोपाडी फिरला. आमच्या गावी तो आला तेव्हा मी दहा-बारा वर्षांचा असेन. दोन लिंबांच्या मध्ये चादर बांधली होती. मागच्या बाजूला बसलेल्यांना चित्रे उलटी दिसत, पण त्याचे कुणाला काही नव्हते. प्रभूच्या तळहातावर खिळा ठेवला गेला आणि माझी आजी उठून उभी राहिली. "अरे, कुणी तरी धरा की त्याला," असे ती ओरडली. कुणी हसले नाही. मी धर्मगुरू का झालो, असे मला पुष्कळांनी विचारले आहे आणि मी प्रत्येकाला वेगवेगळी उत्तरे दिली आहेत. आजीचे ते उभे राहणे मी कधी सांगितले नव्हते. त्या रात्री बसच्या अंधारात ते सहज सांगून टाकले.

खंबाटकीचा घाट उतरलो तेव्हा उजाडू लागले होते. सुरूरच्या फाट्यावरून बस आत वळली. वाईला आमचा मार्गदर्शक चहाच्या टपरीवर वाट पाहत उभा होता. पंचविशीचा, तरतरीत, तिथलाच मुलगा. चहा घेता घेताच त्याने सुरुवात केली. "बसमधून उतरल्यावर तुम्ही महाराष्ट्रात आहात हे विसरायचं," तो म्हणाला. "हे गाव आजवर बिहार झालंय, उत्तर प्रदेश झालंय, तमिळनाडू झालंय. महाराष्ट्र तेवढा क्वचित होतं."

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. प्रकाश झांनी 'मृत्युदंड' (१९९७) आणि 'गंगाजल' (२००३) या दोन्ही चित्रपटांतला बिहार या परिसरात उभा केला. 'ओंकारा' (२००६) आणि 'दबंग' (२०१०) यांतील उत्तर प्रदेश इथलाच. 'चेन्नई एक्सप्रेस' (२०१३) मधले तमिळ खेडे इथे वसले आणि उठले. कारण साधे आहे. जुने दगडी घाट, वाडे, बारा महिने वाहणारी नदी, मागे डोंगर, आणि मुंबईहून काही तासांचा रस्ता; निर्मात्याला आणखी काय हवे? मार्गदर्शकाचे आजोबा तीनदा बिहारी झाले होते आणि एकदा प्रेत. प्रेताचे पैसे जास्त मिळाले म्हणे, कारण दिवसभर उन्हात निजून राहावे लागले.

ज्या वाईत तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाची मुहूर्तमेढ रोवली, जिथे रास्त्यांनी १७६२ साली ढोल्या गणपतीचे मंदिर बांधले, त्या गावाची ओळख आमच्या मुलांना 'दबंग'चे गाव म्हणून व्हावी, याचे मला वाईट वाटले. विश्वकोशाचे कार्यालय याच गावी आहे, असे मी सांगून पाहिले. दोघांनी मान डोलावली. बाकीचे चुलबुल पांडेसारखे काळे चष्मे मागच्या कॉलरला अडकवून फोटो काढण्यात गुंतले होते. माझा पराभव मी मान्य केला आणि मिसळ खायला गेलो.

मेणवली वाईपासून तीन-एक किलोमीटरवर आहे. नाना फडणवीसांचा वाडा, त्याच्या मागे कृष्णेवरचा चंद्रकोरीच्या आकाराचा घाट. हाच तो 'स्वदेस' (२००४) मधला घाट. आशुतोष गोवारीकरांचा हा चित्रपट आम्ही आदल्याच आठवड्यात सर्वांना दाखवला होता. त्यामुळे घाटावर पाऊल पडताच बाया एकमेकींना खुणा सांगू लागल्या. परदेशातून परतलेला मोहन इथे बसला होता, तिथे अमकी उभी होती. अमेरिकेतला शास्त्रज्ञ आपल्या दाईला शोधत येतो, डोंगरावरचे पाणी अडवून गावात वीज आणतो आणि शेवटी मातीला परततो, अशी ती कथा. नर्मदेच्या खोऱ्यातील बिलगावात लोकांनी श्रमदानाने उभारलेल्या लहानशा वीजप्रकल्पाची प्रेरणा तिच्यामागे होती असे सांगतात. गंमत पाहा: खरे गाव नंदुरबार जिल्ह्यातले, चित्रीकरण सातारा जिल्ह्यातले, आणि पडद्यावर मात्र उत्तर प्रदेश! त्या खऱ्या प्रकल्पाला पुढे सरदार सरोवराच्या पाण्याने गिळले, हे मी मुलांना सांगितले तेव्हा क्षणभर सगळे गप्प झाले.

आमच्यातल्या एक आजी पायऱ्या उतरून थेट पाण्यापाशी जाऊन बसल्या. पाचोडच्या मोसंबीचे नाव दूरवरच्या बाजारांत घेतले जाते. या आजींची दोनशे झाडांची बाग २०१२-१३ च्या दुष्काळात उभी वाळली. टँकरने पाणी घालून घालून कर्ज झाले आणि अखेर झाडे तोडून सरपण म्हणून विकावी लागली. त्या सरपणाची पहिली मोळी त्यांनी चर्चच्या सणाच्या स्वयंपाकाला आणून दिली होती; ती जळताना मला पाहवली नव्हती. त्या पाण्यात हात घालून बसल्या होत्या. मार्गदर्शकाने कौतुकाने विचारले, "आजी, त्या सिनेमात बल्ब लागतो तेव्हा म्हातारी 'बिजली' म्हणते, आठवतं का?" आजी म्हणाल्या, "आठवतं ना बाबा. पर लाइट आमच्यात बी हाय. हे पानी कामून नाही, ते कुन्या सिनेमात दावलंय का?" तो पोरगा बोलका होता, पण यावर काही बोलला नाही. आजींनी पाण्याच्या दोन बाटल्या भरून घेतल्या. कशासाठी, ते मी विचारले नाही.

आणि मग ती घंटा.

घाटावर मेणेश्वराचे देऊळ आहे आणि घंटेसाठी वेगळा छोटा दगडी मंडप आहे. मार्गदर्शकाच्या यादीत ती शेवटची होती. "इथे कुठलं शूटिंग नाही, पण बघून घ्या," असे तो म्हणाला. मी इतिहास वाचलेला माणूस. मला ती ठाऊक होती. तरी प्रत्यक्ष पाहताना पाय जडावले. ओतीव धातूची भली थोरली घंटा, तिच्यावर १७०७ हे साल आणि बाळ येशूला कडेवर घेतलेली पवित्र मारिया. चिमाजीअप्पांनी मे १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगीजांकडून जिंकला आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा विजयचिन्हे म्हणून देशावर आल्या. भीमाशंकरला एक आहे, नाशिकची नारोशंकराची घंटा तर म्हणीसारखी प्रसिद्ध आहे. वसईकर वाचकांना हे नव्याने सांगण्याचे धाडस मी करीत नाही. पण आमच्या मराठवाड्यातील मुलांना यातले काही माहीत नव्हते.

आमच्या युवक मंडळाचा सेक्रेटरी वीस वर्षांचा आहे, डोके तापट. त्याने मारियेच्या आकृतीवर हात ठेवला आणि माझ्याकडे वळून मोठ्याने विचारले, "फादर, ही आपली घंटा ना? मग इथं काय करते?"

देवळातून दर्शन घेऊन परतणारी दोन-तीन माणसे थांबली. मार्गदर्शक माझ्याकडे पाहू लागला. वर्गात असतो तर मी उत्तर दिले असते. मी म्हटले असते की, ज्या राज्यात ही घंटा वाजली त्या राज्याने वसई प्रांतातली देवळेही पाडली होती, म्हणून हिशेब एका बाजूने मांडू नये. हे खरे आहे आणि ते आपण सांगितले पाहिजे. पण त्या मुलाच्या प्रश्नातला 'आपली' हा शब्द मला अडवीत होता. ही घंटा ओतली गेली तेव्हा त्याचे आणि माझे पूर्वज कुठे होते? गोदावरीच्या काठच्या गावकुसाबाहेर. वसईच्या त्या चर्चमध्ये त्यांनी कधी गुडघे टेकले नाहीत. आणि ती मेणवलीला आली त्या पेशवाईच्या काळात, या घाटाच्या पायऱ्यांवर त्यांची सावली पडली असती तरी गहजब झाला असता. माझे पणजोबा गावचे येसकर. आमच्या घराण्यातला पहिला बाप्तिस्मा त्यांचा, तो पुढे कितीतरी वर्षांनी. म्हणजे जिंकलेले आमचे नव्हते आणि हरलेलेही आमचे नव्हते. आज मात्र मी तिथे चप्पल काढून उभा होतो, कुणी मला माझी जात विचारली नव्हती, आणि मारियेचा चेहरा माझ्या ओळखीचा होता.

यातले एक अक्षरही मी बोललो नाही. मुलाने लोलकाची दोरी धरायला हात पुढे केला तेव्हा मी तो धरला आणि "नको" एवढेच म्हटले. त्याने हात सोडवून घेतला. देवळातून आलेल्यांपैकी एक म्हातारी पुढे झाली, तिने घंटेला हात लावून तो कपाळाला लावला, आमच्याकडे पाहून हसली आणि आपल्या वाटेने निघून गेली. मारियेला नमस्कार केला की घंटेला, हे ती आणि देव जाणे.

दुपारी पसरणीचा घाट चढून पाचगणीला गेलो. 'तारे जमीन पर' (२००७) मधली शाळा बाहेरून पाहिली, स्ट्रॉबेरी खाल्ल्या. जेवण ठरल्यापेक्षा दीड तास उशिरा आणि निम्मे थंड मिळाले, त्यावरून बरीच बोलाचाली झाली. तिचा तपशील इथे नको. सेक्रेटरी दिवसभर माझ्याशी बोलला नाही. परतीच्या बसमध्ये सर्व झोपल्यावर तो माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "तुम्ही 'नको' म्हणालात. का नको, ते सांगितलं नाही." मग मी त्याला वर लिहिलेले सारे सांगितले, अडखळत, कारण ते मलाच नीट उमगलेले नव्हते. त्याने ऐकून घेतले. "पणजोबा येसकर होते हे तुम्ही आम्हाला कधी का नाही सांगितलं?" एवढेच त्याने विचारले. यालाही माझ्याजवळ उत्तर नव्हते. सेमिनरीत गेल्यापासून मी ते कुणालाच सांगितले नव्हते.

पहाटे तीनला पाचोडला उतरलो. हायवेवर मोसंबी भरलेले ट्रक उभे होते. आजी बाटल्या छातीशी धरून उतरल्या.

आमच्या चर्चला घंटा नाही. लिंबाच्या फांदीला रुळाचा एक तुकडा टांगलेला आहे, मिस्सेपूर्वी त्यावर लोखंडी सळईने टोले देतात. ते काम या सेक्रेटरीचेच. पुढच्या रविवारी टोले देऊन झाल्यावर तो सळई हातात घेऊनच माझ्याकडे आला. "फादर, वसईची माणसं ती घंटा परत मागत नाहीत का? का त्यांना ती तिथंच बरी वाटते?"

मी म्हटले, मला ठाऊक नाही; आपल्या त्रैमासिकातून विचारतो. म्हणून विचारले आहे.