गाडी का थांबत होती?

संत्र्याचे पैसे हाती आले तेव्हा आम्ही जुनी, पेट्रोलवरची ॲम्बेसेडर घेतली. ही गाडी बनणं २०१४ सालीच बंद झालेलं, म्हणून जावई हसले.

मे महिन्यात आईला नागपूरला दवाखान्यात नेत होतो. कळमेश्वर सोडलं नि गाडी आचके देऊन बंद! पारा ४५ वर. अशा उन्हात पंपातच पेट्रोलची वाफ होते नि कार्बुरेटर उपाशी राहतो, हे ऐकून होतो. पंपावर ओलं फडकं टाकलं. वीस मिनिटांनी गाडी सुरू झाली. पण तोवर मागं आई घामाघूम होऊन निपचित पडलेली. तो चेहरा अजून डोळ्यांपुढून जात नाही.

मेकॅनिकनं नवा पंप बसवला. तरी पौषाच्या थंडीत गाडी तशीच थांबली. आता उन्हाला दोष कसा द्यावा? पोरानं टाकीचं झाकण फिरवलं, तर फुस्सकन हवा आत शिरली. झाकणाचं हवेचं छिद्र काळ्या मातीच्या धुळीनं बुजलेलं! पेट्रोल उपसलं जाई, पण त्याच्या जागी हवा येईना. मग पंप ओढणार काय? गाडी उभी राहिली की हवा हळूहळू झिरपे. फडक्याला आम्ही फुकटच श्रेय दिलं.

टाचणीनं छिद्र मोकळं केलं. पंपाचे पैसे गेले ते गेलेच. आई मात्र आता गाडीत बसण्याआधी विचारते, "झाकण पाह्यलं का रे?"