उभं राहिल्यावर, का आडवं झाल्यावर?

क्षयाच्या जंतूंनी मेंदूच्या आवरणाला सूज आणली, आतलं पाणी वाहून जायची वाट अडली आणि मिरजेला माझ्या डोक्यात शंट बसवला. कानामागून मानेवरून, छातीवरून कातडीखालून पोटात उतरणारी बारीक नळी. मेंदूत रोज साधारण अर्धा लिटर पाणी तयार होतं. ते या नळीतून पोटात जातं आणि तिथं जिरतं. ऑपरेशन चांगलं झालं, असं सगळे म्हणाले. पुढच्या दुखण्याबद्दल मात्र फारसं कुणी बोललं नाही.

नळी असलेल्या बाजूच्या कुशीवर झोपता येईना. मान वळवली की कातडीखाली ओढ बसायची, मोठा श्वास घेतला की पोटात कळ यायची. शेजारच्या आक्का सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टर. रोज संध्याकाळी हात स्वच्छ धुऊन यायच्या, नळीवरून हलकेच बोट फिरवायच्या, लाली बघायच्या, ताप मोजायच्या. आणि विचारायच्या, "डोकं उभं राहिल्यावर दुखतंय, का आडवं झाल्यावर?"

तेव्हा उठून बसलं की दुखायचं, पडलं की थांबायचं. पाणी जरा जास्तच निचरत होतं. सर्जननी सावकाश उठायला सांगितलं. मग आक्कांनी माझ्या पाठीशी घडी घातलेली गोधडी ठेवली. ती सोसली की दुसरी. असं करत करत त्यांनी मला बसतं केलं. घरातल्यांनाही एवढा धीर नव्हता.

काही महिन्यांनी सगळं उलटं झालं. पहाटे डोकं ठणकायचं, उलट्या व्हायच्या, आडवं झालं की जास्तच. एका डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्या. आक्का आल्या तेव्हा मी चहाचा कप हातात धरूनच पेंगत होते. त्यांनी दोनदा हाक मारली, मी ओ दिली नाही म्हणे. "हे पित्त नव्हे. आत्ताच्या आत्ता मिरजेला न्या," असं त्यांनी यांना दरडावलं आणि स्वतः गाडीत बसल्या. सीटी स्कॅनमध्ये पाणी साचलेलं दिसलं. नळीचं वरचं टोक बुजलं होतं. त्याच रात्री ते बदललं.

शंटमधून किती पाणी जाऊ द्यायचं हे झडप ठरवते. तशी एक सुरुवातीची झडप एका बापाच्या तळमळीतून आली, हे मला पुढे वाचताना कळलं. फिलाडेल्फियाजवळच्या जॉन होल्टर या यंत्रकारागिराने आपल्या आजारी बाळासाठी १९५६ च्या सुमारास ती घडवली. त्या माणसाचंही माझ्यावर ऋण आहे. पण नळी बुजली हे ओळखायला उशाशी आक्का होत्या.

नंतर त्यांनी जाड पेनाने एक कागद लिहिला: शंट आहे. सुस्ती, उलट्या, ताप, नजर अंधुक, काहीही झालं तरी थांबू नका, सर्जनना दाखवा. एक प्रत कपाटाच्या दारावर चिकटवली, एक यांच्या पाकिटात घातली. माझ्या धाकट्या जावेकडून तर त्यांनी ते पाठच करून घेतलं आहे.