डायल-अप मोडेमास, बिऱ्हाडाविषयी

सदाशिव पेठ, पुणे ३०

मित्रा मोडेमा,

तू आलास तेव्हा आजीला वाटलं, फोनला काहीतरी चावलं. मग ती शिट्टी, ती खरखर. समोरच्या मोडेमशी तू बोलणी करत होतास: लाइन कशी आहे, वेग किती झेपेल. माणसाच्या आवाजासाठी टाकलेल्या तांब्याच्या जोडतारेवरून आकडे पाठवायचे, तर त्यांचा आधी आवाज करावा लागणारच. आमच्या घरात तुझ्याइतकं कर्कश आणि तुझ्याइतकं प्रामाणिक कुणी नव्हतं.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमनं मोठ्या शहरांत इंटरनेट खुलं केलं, आणि पाठोपाठ ते पुण्यात आलं. मी बरीच वर्षं समजत होतो की आमचा फोन नंबर हाच आमचा इंटरनेटवरचा पत्ता. नंबर आमचा, लाइन आमची, मग पत्ता दुसऱ्या कुणाचा असेल? तुला विचारलं असतं तर कळलं असतं. तू १७२नं सुरू होणारा नंबर फिरवायचास आणि पलीकडच्या मोडेमांपैकी जो मोकळा असेल तो फोन उचलायचा. नाव-पासवर्ड जुळला की तिथला संगणक आपल्या साठ्यातला एक रिकामा आयपी पत्ता आम्हाला वापरायला द्यायचा. आमच्या फोन नंबराशी त्या आकड्यांचा काडीचा संबंध नसे. काकानं आतल्या खोलीतला रिसीव्हर उचलला की तू गतप्राण, आणि तो पत्ता दुसऱ्या कुणाला. पुन्हा लावलं की बहुधा नवं बिऱ्हाड. पेठेतला भाडेकरू इतक्या सहज जागा सोडतो का रे?

विद्यार्थ्यांच्या पाचशे रुपयांच्या खात्यात तर बिऱ्हाडही नव्हतं. पडदा आमचा, पण आम्ही टाइप करायचो ते निगमच्या संगणकावर, आणि आयपी पत्ताही त्याचाच. म्हणून नुसती अक्षरं दिसायची, चित्रं नाहीत.

आणि ज्या नंबराचा एवढा अभिमान, तो तरी कुठे कायम राहिला? पुण्याचा कोड ०२१२ होता, तो ०२० झाला. मग प्रत्येक नंबराच्या आधी २ चिकटला. ईमेलच्या शेपटातल्या 'जीआयएएसपीएन०१'मधलं 'पीएन' म्हणजे पुणे. त्या सगळ्या जंजाळात गावाचं नाव राहिलं ते तेवढंच.

आता फायबर आहे. आवाज नाही, फोनबिलातल्या पल्सची धास्ती नाही, काकाला ओरडायला नको. कितीतरी कंपन्या तर अनेक घरांना मिळून बाहेर एकच पत्ता दाखवतात. म्हणजे आता वाडाच सामाईक झाला, आणि हे कुणाच्या गावीही नाही, कारण कुणी तुझ्यासारखं किंचाळून सांगत नाही.

लँडलाइन आम्ही परत केली. तू माळ्यावर आहेस, पितळी समईच्या शेजारी. तुझी राखाडी वायर मात्र भिंतीलाच आहे. गेल्या दिवाळीत रंगारी तिच्यावरून ब्रश फिरवून गेला.

तुझा,
जुना बिऱ्हाडकरू