फिब्युलाकडचा उतार

हाताला कंप सुटल्यापासून तांदळाच्या दाण्याएवढा टॅलस, म्हणजे घोट्याचं हाड, मी स्वतः सूक्ष्मदर्शकाखाली धरत नाही. ते काम माझी विद्यार्थिनी करते. ती हाड स्कॅन करते, संगणक त्याच्या फिब्युलाकडच्या (नडगीशेजारच्या बारीक हाडाकडच्या) बाजूवर एक सपाट पातळी बसवतो आणि कोन अंशांत सांगतो. त्या आकड्याशी माझं भांडण आहे.

टॅलसची ही बाजू लेमूर-लोरिसांत उतरती, टार्सिअर आणि माकडांत जवळजवळ उभी. पाऊल वळवून उभं खोड पकडणाऱ्याला उतार सोयीचा पडत असावा, असं मानतात. पण ती बाजू मुळात सपाट नसतेच. वरून सरळ खाली येते, मध्ये किंचित खोलगट होते आणि खालच्या टोकाशी बाहेर वळते. ते टोक हिशेबात धरलं की उतार वाढतो; सोडलं की तेच हाड माकडांकडे झुकतं. आणि जीवाश्मात नेमकं तेच टोक झिजलेलं असतं.

गुजरातेतल्या वस्तानच्या लिग्नाइट खाणीतली हाडं म्हणूनच माझा पिच्छा सोडत नाहीत. सुमारे ५.४५ कोटी वर्षांपूर्वीचे, हातात मावतील एवढे प्राणी. झाडावर चढणारे, पळणारे, अधूनमधून झेप घेणारे. २०१६ साली तिथल्या २५ हाडांचं वर्णन प्रसिद्ध झालं. लेमूरांच्या बाजूचे अ‍ॅडापॉइड आणि टार्सिअरच्या बाजूचे ओमोमाइड तिथे एकमेकांशी जेवढे मिळतेजुळते आहेत, तेवढे इतरत्र कुठेच नाहीत. घराणी नुकती फुटू लागली होती. अशा ठिकाणी चार अंश इकडेतिकडे झाले तर काय उरतं?

२००९ मध्ये जर्मनीतल्या मेसेलच्या ‘इडा’ या जीवाश्माचा गाजावाजा झाला, त्याचा राग अजून गेलेला नाही. दबून चपटा झालेला सांगाडा, घोट्याची हाडं जागच्या जागी अडकलेली, आणि तरी टॅलसच्या उताराबद्दल ठाम विधान! त्याच वर्षी इजिप्तच्या अफ्राडॅपिस या दुसऱ्या जीवाश्माच्या अभ्यासानं इडाला पुन्हा लेमूरांच्या बाजूला बसवलं.

दातवाल्यांचा मला हेवा वाटतो, हेही सांगतो. प्राण्याला नाव मिळतं दातावरून. टॅलस मागाहून, आकारमान पाहून कुणाला तरी चिकटवला जातो. बोटांत फिरवून हाडाचं घराणं ओळखण्याचा मला गर्व होता, पाहुण्यांसमोर मुद्दाम करून दाखवायचो. आजही विद्यार्थिनीचा आकडा माझ्या अंदाजाशी जुळला की सुखावतो. नाही जुळला तर पातळी पुन्हा बसवायला लावतो. परवा ती म्हणाली, “सर, टोक कुठे सुरू होतं ते एकदा लिहून द्या ना.” अजून लिहितो आहे. तोवर आम्ही दोन्ही कोन नोंदवतो, टोकासकट आणि टोकाशिवाय.

चाळणीवरचा गाळ निवडणाऱ्यांना एकच विनंती: दात वेचून झाले की उरलेले ओबडधोबड खडे ‘अनोळखी’च्या डबीत टाकू नका. निदान खालचं टोक शाबूत असलेले तरी वेगळे ठेवा.